सातव्या लेव्हलला कोश, दहाव्याला फुलपाखरू

गेल्या मे महिन्यात गावी माडावर गडी चढला होता. नारळ पाडून झाल्यावर त्यानं कंबरेला खोचलेली तार काढली, शेंड्यातल्या कोंबाला पडलेल्या भोकात तिचा आकडा घातला, दोनदा फिरवला आणि एक काळाकुळकुळीत भुंगा ओढून खाली टाकला. गेंड्या भुंगा. अंगठ्याएवढा, पाठ वार्निश मारल्यासारखी चकचकीत, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. एक पाय तुटला होता तरी भुंगा चिऱ्यावरून तुरुतुरु निघाला होता. कोकणात या भुंग्याबद्दल कुणाला प्रेम नाही. माडाचा कोवळा कोंब पोखरतो, आणि मग उमललेल्या झावळ्या कात्रीनं कापल्यासारख्या दिसतात. आई ओट्यावरून म्हणाली, "चेच रे त्याला."

"आजी, थांब! हेराक्रॉस आहे तो!"

माझा भाचा चिनू, वय वर्षं अकरा. त्यानं भुंगा उचलून चक्क चपलेच्या खोक्यात घातला. त्याच्या लेखी तो शेतीचा शत्रू नव्हता, बग टाइपचा पोकेमॉन होता. पुढच्या दोन संध्याकाळी मी त्याच्याकडून एक अख्खं शास्त्र शिकलो. उरलेलं स्वतः खोदून काढलं. त्यातलं बरंचसं मोठ्या माणसांनाही आवडेल असं आहे, म्हणून हा लेख.

हेराक्रॉस ज्यावर बेतलाय तो भुंगा आपल्या गेंड्या भुंग्याचाच चुलतभाऊ. जपानी भाषेत त्याचं नाव काबुतोमुशी. काबुतो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, मुशी म्हणजे किडा. त्याचं शिंग लांब आणि टोकाला फाटे फुटलेलं असतं. जपानी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत हे भुंगे पकडतात, प्लास्टिकच्या डब्यात पाळतात, एकमेकांशी झुंजवतात. दुकानात विकतही मिळतात. आपल्याकडे ज्याला तारेनं ओढून काढतात, त्याला तिकडे फळं भरवतात.

याच नादातून पोकेमॉन जन्मला. सातोशी ताजिरी, जन्म 1965, तोक्योच्या कडेच्या माचिदा भागात वाढलेला मुलगा. तेव्हा तिथे भातखाचरं होती, ओढे होते, झाडी होती. सवंगडी त्याला चक्क 'किड्यांचा डॉक्टर' म्हणत. बाकीची पोरं भुंगे यावेत म्हणून झाडाला मध फासायची. यानं हेरलं की भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात, म्हणून तो झाडाखाली दगड ठेवून यायचा आणि सकाळी दगड उचलून भुंगे गोळा करायचा. पुढे शहर वाढलं, खाचरं बुजली, इमारती उठल्या. ताजिरी व्हिडिओ गेमकडे वळला. 1983 मध्ये त्यानं 'गेम फ्रीक' नावाचं छोटं नियतकालिक काढलं, 1989 मध्ये त्याच नावाची कंपनी. निन्टेन्डोचे दोन गेम बॉय केबलनं जोडता येतात हे पाहिल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे त्या केबलवरून एका यंत्रातून दुसऱ्यात चालत जाणारे किडे आले. 27 फेब्रुवारी 1996 ला 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन खेळ जपानात बाजारात आले. रानात जायचं, प्राणी पकडायचे, वाढवायचे, मित्राच्या प्राण्यांशी लढवायचे, अदलाबदल करायची. किडे गोळा करण्याचाच खेळ, फक्त किड्यांच्या जागी काल्पनिक प्राणी.

आणि गंमत अशी, की किड्यांच्या वेडातून उभ्या राहिलेल्या या खेळात सगळ्यांत दुबळे कोण? किडेच.

पाढ्यासारखा तक्ता

खेळातल्या प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असतात, आणि प्रत्येक हल्ल्याला एक. सुरुवातीला टाइप 15 होते. 1999 मध्ये स्टील आणि डार्क आले, 2013 मध्ये फेअरी; आता 18 आहेत. पाण्याचा हल्ला आगीवर दुप्पट, गवतावर निम्मा, अशी ही गणितं ठरलेली आहेत. काही जोड्यांत परिणाम शून्य. समोरच्याला दोन टाइप असतील तर दोन्हींचा गुणाकार होतो. दोघांवर दुप्पट असेल तर चौपट, एकावर दुप्पट नि दुसऱ्यावर निम्मा असेल तर जमाखर्च बरोबर. शिवाय पोकेमॉननं स्वतःच्याच टाइपचा हल्ला वापरला की त्याचा जोर दीडपट होतो. पोरं हा 18 गुणिले 18 चा तक्ता पाढ्यासारखा पाठ करतात. खऱ्या पाढ्यांच्या बाबतीत तेवढी आच दिसत नाही, ही माझ्या बहिणीची तक्रार.

या तक्त्यातली बग टाइपची ओळ वाचली की बनवणाऱ्यानं किडे जवळून पाहिलेत हे कळतं. किड्यावर दुप्पट लागतात तीन गोष्टी: फायर, फ्लाइंग आणि रॉक. दिव्यावर झेप घेणारा पतंग, चोचीत अळी धरून उडालेला पक्षी आणि दगडाखाली चिरडलेला किडा. उलट ग्रास, ग्राउंड आणि फाइटिंग यांचे हल्ले त्याला निम्मेच लागतात. किडा झाडपाला खातो आणि मातीत राहतो, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी पटतात. तिसरी मला चिनूनंच पटवली. "मामा, मुंगीला बुक्की मारून बघ. लागतच नाही नीट."

मारायच्या बाजूला किडा तिघांना भारी पडतो: ग्रास, सायकिक, डार्क. ग्रास उघड आहे; ज्यानं वांग्यावरची अळी पाहिलीय त्याला सांगायला नको. सायकिक म्हणजे मनःशक्तीवाले. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या कानाशी एकच डास घोंगावू द्या, मग बघा किती एकाग्रता उरते. डार्कचं कोडं मात्र भाषांतरात हरवलंय. जपानीत त्या टाइपचं नाव 'आकु', म्हणजे दुष्ट, पापी. चाहत्यांचा एक तर्क असा की 1971 पासून जपानी टीव्हीवर दुष्टांशी लढणारा 'कामेन रायडर' हा मुखवटेधारी वीर नाकतोड्याच्या रूपातला आहे. म्हणून किडा दुष्टाला भारी. कर्त्यांनी याचा खुलासा केलेला नाही, पण मला हा तर्क आवडतो.

आता वाईट बातमी. किड्याचा हल्ला सात टाइपांवर निम्माच चालतो: फायर, फाइटिंग, पॉयझन, फ्लाइंग, घोस्ट, स्टील आणि फेअरी. अठरापैकी सात! एवढ्या जणांनी परतवलेला हल्ला आणखी फक्त ग्रासचा. म्हणजे तक्त्यातली बिचारी दोन: एक झाड आणि एक झाडावरची अळी. त्यातही टाइप वाढत गेले तशी किड्याची अवस्था बिकट होत गेली. 1999 ला डार्क आला तेव्हा एक शिकार मिळाली, पण त्याच वर्षी स्टील आला आणि लोखंडाला कीड लागत नाही. 2013 ला फेअरी आली. परीनं किड्याला का भ्यायचं नाही, ते परीच जाणे.

मुशी म्हणजे किडा, पण कोणकोणता?

इंग्रजीत या टाइपला बग म्हणतात, पण मूळ शब्द मुशी, आणि त्याला मराठीत किडा हाच चपखल शब्द आहे. आपण जीवशास्त्राच्या पुस्तकात सहा पायांचे कीटक वेगळे काढतो. घरात मात्र कोळी, गोम, अळी, वाळवी सगळ्यांना किडाच म्हणतो. मुशीचंही तसंच. म्हणून या टाइपमध्ये फुलपाखरं-भुंगे आहेतच, शिवाय आठ पायांचे कोळी आहेत, दगड पाठीवर घेतलेला खेकडा आहे आणि समुद्रतळाशी राहणाऱ्या झुरळासारख्या प्राण्यावर बेतलेला गोलिसोपॉडही आहे. उलट ज्याची कल्पना सरळसरळ मुंग्या खाणाऱ्या अळीवरून घेतलीय, तो फ्लायगॉन बग टाइपमध्ये नाहीच. त्याला ग्राउंड आणि ड्रॅगन अशी खानदानी वतनं मिळाली. चिनूला हा अन्याय वाटतो. मलाही.

या कळपात माझा आवडता पॅरासेक्ट. पाठीवर भलीमोठी अळंबी घेतलेला किडा, टाइप बग आणि ग्रास. त्याचं बालरूप पॅरास. त्याच्या पाठीवर दोन लहान अळंब्या असतात. वाढून पॅरासेक्ट झाला की डोळे पांढरे पडतात, कारण आता शरीर किड्याचं नि हुकूम बुरशीचा. ही भयकथा निसर्गातून उचलली आहे. हिमालयात मातीखालच्या अळीला बुरशी लागते, अळी मरते आणि तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ जमिनीवर येतो. उत्तराखंडातले लोक तिला कीडाजडी म्हणतात आणि ती सोन्याच्या भावानं विकली जाते. खेळात मात्र पॅरासेक्टला भाव नाही. गवत आणि किडा दोघंही आगीला नि पक्ष्याला भितात, त्यामुळे दोन्ही हल्ले चौपट. एक ठिणगी आणि अळंबीची भाजी.

कागदी तलवार

पहिल्या खेळात सायकिक टाइपचा जो दरारा होता तो आज सांगून खरा वाटत नाही. अलाकाझाम हा सायकिक पोकेमॉन समोर आला की लोक हात टेकायचे. सायकिकवर चालणारी शस्त्रं कागदोपत्री दोन. पैकी घोस्टचा परिणाम प्रत्यक्षात शून्य होता. राहिला किडा. म्हणजे 1996 मध्ये जगातल्या सगळ्यांत बलाढ्य टाइपचा एकमेव काळ बग टाइप होता.

पण या काळाच्या हातात काय होतं? पहिल्या 151 पोकेमॉनपैकी बग टाइपचे 12, आणि त्या टाइपचे इजा करणारे हल्ले अवघे तीन. लीच लाइफ, जोर 20. पिन मिसाइल, जोर 14, लागला तर दोन ते पाच वेळा. ट्विनीडल, जोर 25, दोनदा. तुलनेला अलाकाझामचा नेहमीचा हल्ला 90 चा. ट्विनीडल फक्त बीड्रिल या गांधीलमाशीला यायचा, आणि बीड्रिल बग असण्याबरोबर पॉयझनही होती. पॉयझनवर सायकिक दुप्पट! म्हणजे वाघ मारायला जो एकच शिकारी नेमला, त्याच्या अंगाला बोकडाचा वास. वेगातही अलाकाझाम 120, बीड्रिल 75. गांधीलमाशीनं नांगी उगारायच्या आत लढाई आटोपलेली. वर कळस म्हणजे सायथर आणि पिन्सर, या टाइपचे खरे दोन पहिलवान, एक नाकतोड्यासारखा कोयतेवाला आणि दुसरा शिंगाड्या भुंगा, या दोघांना त्या खेळात बग टाइपचा एकही हल्ला येत नव्हता. पिन मिसाइल मात्र विजेवर चालणाऱ्या जोल्टिऑनला येत होतं.

तक्ता एक सांगतो आणि मैदानात दुसरंच घडतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शक्ती तक्त्यावर लिहिलेली होती, पण ती वापरणारा हात दिलाच नव्हता.

जंगलातली बालवाडी

असं का केलं असेल? माझं मत असं की किड्यांना मुद्दामच दुबळं ठेवलं, कारण त्यांच्यावर वेगळी कामगिरी सोपवली होती: शिकवण्याची.

पहिल्या खेळात घरातून निघून दोन गावं ओलांडली की विरिडियन नावाचं जंगल लागतं. तिथे हातात जाळी घेतलेली पोरं भेटतात, आणि गवतात केटरपी व वीडल या अळ्या. केटरपी सातव्या लेव्हलला कोश होते, तिचं नाव मग मेटापॉड. दहाव्याला कोश फुटतो आणि बटरफ्री हे फुलपाखरू बाहेर पडतं. खेळणाऱ्याला वाढ म्हणजे काय हे पहिल्यांदा दाखवायचं, तर अळी, कोश, फुलपाखरू यापेक्षा सोपा धडा कुठला? पहिल्या तासाभरात मुलानं बी पेरलं आणि फूल पाहिलं. ज्या आगवाल्या चार्मँडरला घरून आणलंय, त्याचा चारिझार्ड व्हायला 36 वी लेव्हल यावी लागते. तोवर पोराचा धीर टिकवायचं काम ही अळी करते.

मधली कोशाची अवस्था मात्र सहनशक्तीची परीक्षा. रानातल्या मेटापॉडला एकच गोष्ट येते: हार्डन, म्हणजे अंग कडक करणं. तुमचाही मेटापॉड तसाच पकडलेला असेल तर दोन कोश समोरासमोर येतात. हा कडक होतो. तो कडक होतो. हा आणखी कडक. प्रत्येकाला हार्डन 30 वेळा करता येतं. तेवढं संपल्यावर नाइलाजानं धडका मारायची वेळ येते, आणि तोवर दोघंही इतके कडक झालेले असतात की धडकेचं काहीच वाटत नाही. टीव्हीवरच्या पोकेमॉन मालिकेत नायक ॲशनं एका सामुराई पोराशी नेमकी अशीच लढत घातली होती. सरकारी कार्यालयात दोन टेबलांमध्ये अडकलेली फाईल ज्यानं पाहिलीय, त्याला ही लढाई ओळखीची वाटेल.

पण बटरफ्री झाल्यावर चार दिवस सोन्याचे येतात. जंगलापलीकडच्या गावात ब्रॉक नावाचा पहिला मोठा प्रतिस्पर्धी बसलाय, दगडांचा दादा. त्याचा जिओड्यूड 12 व्या लेव्हलचा आणि ऑनिक्स 14 व्या. तक्ता म्हणतो, दगडापुढे फुलपाखरू नेऊ नका. पण मूळ खेळात ब्रॉकच्या एकाही पोकेमॉनला दगडाचा हल्ला येतच नव्हता! नुसत्या धडका. आणि 12 व्या लेव्हलला बटरफ्रीला कन्फ्यूजन हा सायकिक हल्ला येतो. ऑनिक्सचं अंग बाहेरून पोलादी, बचाव 160. पण मनावरचा हल्ला सोसायची ताकद फक्त 30. फुलपाखरू लांबूनच त्या दगडी सापाचं डोकं फिरवून टाकतं. आग घेऊन निघालेल्या ज्या पोरांना दगड फोडता येत नव्हता, त्यांना या फुलपाखरानं तारलंय.

त्यानंतर उतार. बटरफ्रीच्या सगळ्या गुणांची आजची बेरीज 395, चारिझार्डची 534. लवकर मोठं झालेलं लवकर म्हातारं होतं. खेळाच्या मध्यावर पोरं बटरफ्रीला पेटीत ठेवून देतात ती कायमची. मालिकेतही ॲशनं स्वतः पकडलेला पहिला पोकेमॉन केटरपीच होता, आणि पहिला सोडून दिला तो तिचाच बटरफ्री. गुलाबी जोडीदारीण मिळते, थवा समुद्रावरून निघतो, ॲश कड्यावरून धावत निरोप देतो. कार्टून नेटवर्कवर तो भाग पाहून रडलेली आता तिशीत पोचलेली बरीच मंडळी माझ्या ओळखीची आहेत. कबूल करत नाहीत, एवढंच.

डागडुजी

1999 च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये किड्यांची बाजू सावरायला सुरुवात झाली. हेराक्रॉस आला. तो कसा मिळतो? झाडाला डोक्यानं धडक मारायची, म्हणजे वरून पडतो. आमच्या माडाखाली चिनू का एवढा हरखला ते इथे माझ्या डोक्यात शिरलं. त्याच्याबरोबर मेगाहॉर्न हा 120 जोराचा शिंगाचा तडाखा आला. आदल्या खेळातल्या 14 नि 25 च्या टाचण्या आठवून बघा. हेराक्रॉसचा दुसरा टाइप फाइटिंग. पक्ष्यांना दोन्ही टाइप घाबरतात, त्यामुळे चिमणी जरी चिडून आली तरी चौपट. भुंग्याची हीच नियती.

त्याच खेळात बग्झी नावाचा किडेवेडा पोरगा दुसरा मोठा प्रतिस्पर्धी म्हणून बसलाय. त्याचा मेटापॉड आणि काकुना म्हणजे दोन कोश, हे हसतहसत हरतात. मग येतो 16 व्या लेव्हलचा सायथर, फ्युरी कटर घेऊन. पहिला वार 10 चा, गुदगुल्या. लागत राहिला तर पुढचा 20, मग 40, 80, पाचवा 160. पहिल्या दोन वारांना हसलेला खेळाडू चौथ्या वाराला गप्प होतो. वार एकदा हुकला तर मात्र पुन्हा दहापासून श्रीगणेशा.

पण या टाइपची खरी सोयरीक जमली ती सायझरमुळे. सायथरला धातूचा लेप देऊन मित्राशी अदलाबदल केली की सायझर होतो, बग आणि स्टील. गुणांची बेरीज दोघांची सारखीच, 500. वेग 105 चा 65 वर येतो, ताकद 110 ची 130 होते. मग एवढं कौतुक कशाचं? टाइपांच्या जोडीचं. बघा: किडा भितो आग, पक्षी, दगड यांना. लोखंड भितं आग, कुस्ती, जमीन यांना. पक्षी आणि दगड यांचे हल्ले लोखंड निम्मे करतं. कुस्ती आणि जमीन यांचे हल्ले किडा निम्मे करतो. चारही फिटंफाट. वर सात टाइपांचे हल्ले निम्मे, गवताचा पाव, विषाचा शून्य. पत्रिका जुळवणाऱ्यानं छत्तीसपैकी पस्तीस गुण द्यावेत अशी जोडी. छत्तिसावा गुण आगीचा. ती दोघांनाही चालत नाही, म्हणून चौपट. सायझर घेऊन उतरलेल्या खेळाडूची सगळी अक्कल मग एकाच प्रश्नात खर्ची पडते: समोरच्याच्या खिशात काडेपेटी आहे का?

पुढे 2008 च्या 'प्लॅटिनम'मध्ये सायझरला बुलेट पंच मिळाला. जोर फक्त 40, पण वेग काहीही असो, वार आधी पडतो. सायझरच्या अंगी टेक्निशियन नावाचा गुण असतो, 60 किंवा त्याखालच्या जोराचे हल्ले दीडपट करणारा. 40 चे 60. त्यावर स्वतःच्या टाइपचे दीडपट, 90. मंद वेगाचा तोटा एका फटक्यात मिटला. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा पंच स्टीलचा आहे. नाव किड्याचं, काम लोखंडाचं.

किड्याच्या नशिबात हे पुन्हा पुन्हा येतं. 2006 मध्ये आलेला यू-टर्न हा बग टाइपचा बहुधा सगळ्यांत जास्त वापरला गेलेला हल्ला. जोर 70, वार करायचा आणि लगेच माघारी जाऊन आपला दुसरा गडी पुढे करायचा. गनिमी काव्याचं तंत्र. पण तो वापरतात बहुतेक पक्षी, माकडं आणि इतर सटरफटर मंडळी. समोरच्याला इजा किती झाली याचं त्यांना फारसं नसतंच; निसटायला वाट मिळाली की झालं.

आणि यू-टर्न आणणाऱ्या 2006 च्या त्याच खेळानं स्टेल्थ रॉक आणला. समोरच्याच्या बाजूला हवेत तरंगणारे दगड पसरून ठेवायचे. मग जो कोणी मैदानात पाऊल टाकेल त्याला ते टोचतात. साध्या पोकेमॉनचा आठवा हिस्सा जीव जातो. दगडाला दुप्पट भिणाऱ्याचा पाव. चौपट भिणाऱ्याचा निम्मा. आता किड्यांतले बरेच पंखवाले, म्हणजे बग आणि फ्लाइंग, आणि दगड दोघांचाही वैरी. बटरफ्री मैदानात आली, निम्मी संपली. माघारी गेली, पुन्हा आली, मेली. समोरच्यानं बोटही उचललं नाही. पुढची तेरा वर्षं पंखवाल्या किड्यांना हा जाच सोसावा लागला. 2019 च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये जाड तळव्याचे बूट आले, ते घातले की दगड टोचत नाहीत. फुलपाखराला गमबूट! पण उपाय लागू पडला.

दोन विचित्र भावंडांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. शकल नावाचा बग आणि रॉक टाइपचा प्राणी: दोन्ही प्रकारचा बचाव प्रत्येकी 230, मारायची ताकद 10. भिंतच, फक्त तिला डोळे आहेत. आणि शेडिंजा, सिकाडा किड्यानं टाकलेली कात. निंकाडा 20 व्या लेव्हलला वाढून उडून जातो, आणि तुमच्या चमूत जागा रिकामी असेल तर मागे हे रिकामं टरफलही जिवंत होऊन बसतं. टाइप बग आणि घोस्ट, जीव फक्त 1. पण त्याच्या गुणामुळे पाच टाइपांचे हल्ले सोडून त्याला काहीच लागत नाही. मोठमोठे ड्रॅगन त्याच्यावर हे पाच सोडून इतर काहीही फेकत बसले तरी टरफल ढिम्म. मग वाळूचं वादळ येतं आणि एका कणानं ते मरतं.

एकोणसाठ

या सगळ्या लवकर पिकणाऱ्या, लवकर गळणाऱ्या कुळात एकच बेटा उलटा निघाला. 2010 च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये लार्वेस्टा नावाची अळी आली, बग आणि फायर. किड्याचा पिढीजात वैरी अग्नी, तोच तिच्या अंगात. तिचा पतंग होतो व्होल्कारोना, रेशमाच्या पतंगासारखा केसाळ, सहा ज्वालांचे पंख. खेळातली दंतकथा सांगते की ज्वालामुखीच्या राखेनं आकाश काळवंडलं तेव्हा यानं सूर्याचं काम केलं. गुणांची बेरीज 550. क्विव्हर डान्स म्हणजे पंखांचा एक थरथराट केला की मारा, बचाव आणि वेग तिन्ही एकदम एक पायरी वर. दोनदा नाचू दिलं तर पुढे कुणाचं चालत नाही. त्याच खेळातला ॲल्डर हा सर्वोच्च विजेता; त्याच्या सहांपैकी तीन पोकेमॉन बग टाइपचे, आणि त्यांतला एक व्होल्कारोना. जंगलातल्या जाळीवाल्या पोरांची थट्टा करणाऱ्यांना ही चपराक.

दगड मात्र याही किड्याला चौपट लागतो. ते काही सुटत नाही.

केटरपी दहाव्या लेव्हलला फुलपाखरू होते. लार्वेस्टा 59 व्या लेव्हलला. दहाव्यापर्यंत जायला अनुभवाचे 1,000 गुण लागतात, लार्वेस्टाला 59 गाठायला अडीच लाखांच्या वर. आणि तोवर ती अळीच राहते, मंद, पाण्याच्या एका शिंतोड्यानं विझणारी. बहुतेक पोरं कंटाळतात.

चिनू 'व्हायोलेट' खेळतो. त्यानं अळी पकडली तेव्हा शाळा नुकती सुरू झाली होती. गेंड्या भुंग्याचं म्हणाल तर तो तिसऱ्या रात्री खोक्याला भोक पाडून गेला. आईचा संशय आहे की सरळ माडावरच. गणपतीत चिनूचा फोन आला, तेव्हा अळी 41 वर होती. दिवाळीत 52. परवा रात्री साडेदहाला बहिणीच्या नंबरवरून मेसेज आला, त्यात शब्द नव्हते, फक्त आकडा: 58.